चौदा लाखांच्या दोन गाड्या आणि चौदा फुटांचं पोर्च : प्रकल्प नोंदी

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

ताईकडं जेवायचं बोलावणं होतं. ते काम सांगायलाच होतं, हे पोळ्या संपल्यावर कळलं. दाजींनी टीव्हीमागून दोन कोटेशनं काढली. एक टाटा नेक्सॉन ईव्ही, ४५ युनिटांची बॅटरी. दुसरं एमजी विंडसर, ३८ युनिटांची. या बॅटऱ्यांसह दोन्ही गाड्या सप्टेंबर २०२४ मध्येच बाजारात आल्या आणि दोन्हींची पहिली पायरी एक्स-शोरूम चौदा लाखांच्या आसपास. दाजी म्हणाले, "मेव्हणं, तुमी वायरमन माणूस. करंटाची गाडी हाय, तवा तुमीच बघायची."

मी वायरमन नाही, लायसन्सवाला इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आहे. पण हे दाजींना अठ्ठावीस वर्षांत पटलेलं नाही.

घेणारे दोघं. दाजी साखर कारखान्यातून रिटायर, कराडजवळ मलकापुरात स्वतःचं घर. लेक पुण्यात वारज्याला, महिन्यातून दोनदा तिकडं चक्कर, मुक्काम करून. मागच्या सीटवर आक्का, म्हणजे दाजींच्या आई, वय ८१, दोन्ही गुडघे गेलेले. दुसरे आमचे शेजारचे सर. अपार्टमेंटात तिसरा मजला, कॉलेज इस्लामपूरला, रोजचे जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर.

मुदत दसऱ्याची, २ ऑक्टोबर. मध्ये गणपती, मग पितृपक्ष. पितृपक्षात आमच्याकडं कुणी गाडी बुक करत नाही, त्यामुळं शोरूमची माणसं मोकळी असतात. चालवून बघायला तोच काळ बरा.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

कागदावरच्या आकड्यांशी झटापट. नेक्सॉनची रेंज ४८९ किलोमीटर, विंडसरची ३३१. दाजींनी यावरच निकाल लावून टाकला होता. मी भागाकार केला. ४८९ भागिले ४५, म्हणजे युनिटला जवळपास ११ किलोमीटर. ३३१ भागिले ३८, म्हणजे ८.७. दोन्ही पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या, ताकद १४० हॉर्सपॉवरच्या आगेमागे. एक गाडी दुसरीपेक्षा युनिटमागं सव्वापट पळते म्हणे! मीटर रीडिंगात असा फरक आला तर मी आधी मीटर बदलून बघतो.

इथंही मीटरच वेगळा असणार. आपल्याकडची एमआयडीसी नावाची चाचणी लॅबमध्ये रोलरवर होते आणि तिचे दोन भाग आहेत. पहिला गावातल्या हळू चालीचा, दुसरा हायवेसारखा, पण तोही ९०च्या वर जात नाही. नुसत्या पहिल्या भागावर आकडा फुगतो, दोन्ही भाग धरले की बसतो. टाटांनी स्वतःच दुसरा एक आकडा दिलाय, त्यांच्या पंचाहत्तर टक्के ग्राहकांना मिळेल असा, ३५० ते ३७०. तो ४५ने भागला तर आठ येतात. म्हणजे दोघी एकाच गावच्या.

वहीत दोन्हीपुढं युनिटला सात किलोमीटर धरलं. कराड ते वारजे १६५, परतीसह ३३०. विंडसरचा छापील आकडा जवळपास तेवढाच आहे, हे बघून दाजी खूश झाले होते. त्यांना सातचा हिशेब सांगितला. २६६. गप्प बसले.

३१ ऑगस्ट, रविवार

सरांनी बातमी आणली, इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ. खरी आहे, २२ ऑगस्टपासून. पण ती मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर. आमच्या वाटेवर तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर. तिन्ही ठिकाणी फास्टॅग बीप करणारच. बेरजेतून टोलाची बचत खोडली. रोड टॅक्सची बचत मात्र खरी. पेट्रोलच्या या किमतीच्या गाडीला ११-१२ टक्के भरावे लागतात, इथं शून्य.

७ सप्टेंबर, रविवार

नेक्सॉन घेऊन पुणे. शोरूमची चक्कर बसस्टँडपर्यंतची असते, त्यानं काही कळत नाही. माझ्या एका पोल्ट्रीवाल्या गिऱ्हाइकाकडं हीच गाडी आहे. त्यांच्याकडून दिवसभरासाठी मागून घेतली. रात्री ग्रहण होतं, वेध दुपारपासून. आक्का येणार नाहीत म्हणाल्या आणि दाजींना उपाशी पोटी पाठवू नका असं मला दोनदा बजावलं.

सकाळी ६.१० ला १०० टक्के. दोघं जण, एसी २४ वर, काटा ९० ते ९५. मलकापूरच्या उड्डाणपुलाच्या कामातून बाहेर पडायलाच वीस मिनिटं गेली, पण तिथं या गाड्यांचं काही बिघडत नाही, उभ्या गाडीत इंजिन जळत नाही. साताऱ्यापुढं काटा ११० वर नेऊन बघितला. दहा किलोमीटरमध्ये सरासरी डोळ्यांदेखत खाली आली. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, हे सर शिकवतात तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरत नाही, स्क्रीनवर दिसलं की शिरतं. परत ९५.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार. डिझेल वाचवायला ट्रकवाले इथं न्यूट्रल करतात आणि खाली काय होतं ते दर महिन्याला पेपरात येतं. इथं स्टिअरिंगमागच्या पॅडलनं रीजेन तिसऱ्या पायरीवर टाकलं. मोटरच जनरेटर होते, बॅटरीत वीज परत भरते आणि चाकांना धरून ठेवते. आख्खा उतार ६०च्या चालीनं, ब्रेकला जवळजवळ पाय न लावता. खाली आलो तेव्हा टक्का एकानं वाढलेला. दाजींना वाटलं मी काहीतरी बटण दाबलं.

वारज्यात ४७ टक्के. ५३ टक्के गेले, म्हणजे २३.८ युनिट, युनिटला ६.९. अंदाज सातचा होता. मी दाजींकडं बघितलं, पण त्यांचं लक्ष पोह्यांकडं होतं. शहरात मिरवणुका अजून चालू, ढोल वारज्यापर्यंत ऐकू येत होते.

परतीला ४७ मध्ये कराड गाठणं म्हणजे जुगार. चार्जिंगला थांबलो. हायवेवरच्या एका हॉटेलात दोन गनचा चार्जर. एका गनवर "बंद आहे" असा पुठ्ठा, सुतळीनं बांधलेला. दुसरीवर आमच्या आधी एक गाडी. अॅप डाउनलोड करा, वॉलेटमध्ये पैसे टाका, ओटीपी येईना, कारण हॉटेलच्या त्या कोपऱ्यात रेंज नाही. मी मोबाइल धरून रस्त्यापर्यंत पळालो. चार्जिंगला २३ मिनिटं, बाकीच्या भानगडीला ४०. दर २१ रुपये युनिट. शिकलो ते एवढंच: ज्या चार्जरवर थांबायचं त्याचं अॅप घरच्या वायफायवर आधी टाकून, पैसे भरून ठेवायचे, आणि पुढचा चार्जर कुठं आहे तेही बघून ठेवायचं.

खंबाटकी चढताना पाच टक्के खाल्ले, पलीकडं उतरताना दोन परत दिले. वेधात जेवलो, हे आक्कांना सांगितलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

काल विंडसरनं गेलो, आज आलो. गाडी पुतण्याच्या साताऱ्याच्या मित्राची. या वेळी आक्का बरोबर, एक तांदळाचं पोतं, गुळाची ढेप, वॉकर आणि लोणच्याची बरणी मांडीवर.

सामानाचं आधी. नेक्सॉनची डिकी ३५० लिटर, विंडसरची ६०४. लिटर म्हणजे काय ते दाजींना सांगायची गरज पडली नाही. वॉकर घडी न करता आत गेला.

मग आक्का. विंडसरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २७०० मिलिमीटर, नेक्सॉनचं २४९८. हा वीतभर फरक सगळा मागच्या माणसाच्या पायाशी जातो. शिवाय मागची पाठ १३५ अंशांपर्यंत मागं कलते. आमच्या घरात आक्का कुठल्याही गाडीत बसतात त्या अशा: आधी पाठ, मग एक पाय हातानं उचलून आत, मग दुसरा, मग "आई गं". काल दुसरा पाय आपला आपण आत गेला. "ह्यात पाय लांब होत्यात की," म्हणाल्या आणि आनेवाडीपर्यंत झोपल्या. तिथं टोलच्या बीपनं जागं होऊन विचारलं, पुणं आलं का.

चाल तीच, ९० ते ९५. वारज्यात ३४ टक्के. २५ युनिट गेले, युनिटला ६.६. तीन माणसं आणि पोतं धरलं तर मी याला नेक्सॉनच्या बरोबरीचंच म्हणेन.

आता मुद्दा. भाचीच्या पार्किंगमध्ये तिच्या मीटरवरून आणलेला सॉकेट आहे, जावयांनी स्कूटरसाठी घेतलेला. रात्री आठला गाडीबरोबरची साधी केबल लावली. दोन तासांनी खाली जाऊन प्लगला हात लावला. कोमट. चटका बसला असता तर तिथंच काढला असता, कारण स्कूटरचा लोड वेगळा आणि दहा तास सलग तीन किलोवॅट ओढणं वेगळं. सकाळी सातला १०० टक्के.

म्हणजे दाजींसाठी ३८ आणि ४५ मधला फरक वारज्याच्या एका सॉकेटनं मिटवला. मुक्काम नसता, तर विंडसरला परतीच्या वाटेवर नेक्सॉनपेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त थांबावं लागलं असतं. माझी तीन आठवड्यांची वही रेंजच्या आकड्यांनी भरली आहे. दाजींच्या बाबतीत त्यातली दोन पानं कामाची.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दाजींच्या घरचं बोर्ड उघडलं. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टीमीटर लावला. १४ व्होल्ट. चांगल्या घरात एक-दोन, फार तर तीन. इलेक्ट्रिक गाडीच्या केबलवरचा डबा अर्थ तपासतो. अर्थ बरा नसेल तर लाल दिवा लावून चार्जिंगच सुरू करत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण पावसात ओल्या जमिनीवर उभं राहून आपण त्या लोखंडी गाडीला हात लावणार असतो. अर्थिंगचा खड्डा शोधला. घर बांधताना मीच सुचवलेली जागा. आता तिच्यावर टाइल्स आणि टाइल्सवर तुळस.

तुळस हलवली नाही. विहिरीकडच्या बाजूला नवा पाइप उतरवला. खड्डा तीन तास, दोन माणसं. नंतर मोजलं, १.८. मीटरपासून पोर्चपर्यंत वेगळी ४ स्क्वेअरची वायर, वेगळा एमसीबी, करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, चांगला इंडस्ट्रियल सॉकेट. पंख्याच्या लाइनीतून ओढलेल्या सॉकेटवर गाडी लावलेली मी बघितली आहे. प्लग वितळून भिंतीला चिकटला होता.

साध्या सॉकेटवर विंडसर पूर्ण भरायला तेरा-चौदा तास, नेक्सॉनला सोळा-सतरा. हे ऐकून लोक घाबरतात. पण रोज टाकी रिकामी कोण करतो? भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवायचा तर मंजूर भार वाढवावा लागेल. दाजींना त्याची गरज नाही, तेवढा खर्च वाचला.

दोन्ही बॅटऱ्या एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटच्या. तापायला कमी, टिकायला बऱ्या. फक्त एक खोड आहे. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळं किती टक्के उरलं याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. आठवड्यातून एकदा १०० पर्यंत भरली की हिशेब जुळतो. मोबाइलसाठी ऐकलेला ८० टक्क्यांचा नियम इथं डोळे झाकून लावू नये.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सॉकेटची जागा नक्की करायला टेप घेऊन पोर्चमध्ये गेलो. गेटच्या आतल्या कडेपासून घराच्या पायरीपर्यंत १४ फूट २ इंच. परत मोजलं. १४ फूट २ इंच. म्हणजे ४३१८ मिलिमीटर.

नेक्सॉनची लांबी ३९९४. वर फूटभर जागा.

विंडसरची लांबी ४२९५. वर २३ मिलिमीटर. माझ्या अंगठ्याची रुंदी २२. आणि गेटची कडी आत दोन इंच येते.

तीन आठवडे रेंज, डिकी, पाठीचे अंश. पण मारुतीच्या जुन्या गाडीमागं एवढी मोकळी जागा दिसायची, की टेप लावावा असं आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. चार मीटरच्या आतली गाडी आपल्याकडच्या जुन्या पोर्चना बेतून केल्यासारखी बसते, हा नेक्सॉनचा गुण कुठल्याच तक्त्यात नाही.

गेट बाहेर सरकवायचं तर पुढं गटार. राहिली पायरी. ती फोडून बाजूला वळवायची. आक्का ऐकत होत्या. संध्याकाळी भाजी निवडायला त्या तिथंच बसतात. म्हणाल्या, "ती पायरी म्या घातलीय. गवंड्याच्या हाताखाली म्याच हुते." मग बराच वेळ कुणी बोललं नाही. ज्यांच्या गुडघ्यांसाठी गाडी बघतोय, त्यांचीच बसायची जागा मोडायची.

पितृपक्ष चालू, त्यामुळं हातोडा लावायचा प्रश्न तसाही सोमवारपर्यंत नव्हता.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

आजपासून नवे जीएसटी दर. चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आल्या, इलेक्ट्रिक पाचवरच राहिली. म्हणजे पेट्रोलची नेक्सॉन स्वस्त झाली, इलेक्ट्रिकची होती तिथंच. सर सकाळीच दारात. "मग आता पेट्रोलच घेऊ का?"

सरांचा हिशेब मांडला. रोज ७० किलोमीटर. पेट्रोल लिटरला १५ धरलं तर दिवसाला पावणेपाच लिटर, ४९०च्या आसपास. वीज दहा युनिट, चार्जिंगमधली गळती धरून साडेअकरा. घरच्या वरच्या स्लॅबला बारा रुपये धरले तरी १४० रुपये. बाहेरच्या चार्जरवर २४०. पंचवीस दिवसांच्या महिन्याला घरी भरलं तर आठ-पावणेनऊ हजार वाचतात. त्यांना पेट्रोल घेऊ नका म्हणालो.

विंडसरची बॅटरी भाड्यानं घ्यायची योजना त्यांनी वाचली होती. गाडी आली तेव्हाचे आकडे असे: बॅटरीसह १३.५० लाख, बॅटरीविना ९.९९ लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये. फरक ३.५१ लाख. साडेतीननं भागा, एक लाख किलोमीटर. सर वर्षाला २१ हजार चालवणार, म्हणजे पाच वर्षं व्हायच्या आत फरक फिटला, पुढचं देणं वरचं. शिवाय चार्जिंगची वीज वेगळी. नाव भाड्याचं, चाल हप्त्याची. सुरुवातीला हातात पैसे कमी असतील तर ठीक, स्वस्त म्हणून घेऊ नये. करारात महिन्याच्या किमान किलोमीटरची अट किती आहे ते सही करण्याआधी वाचावं.

पण सरांचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय. पार्किंगमध्ये त्यांच्या मीटरवरून वायर आणायला सोसायटीची परवानगी हवी. चेअरमन म्हणतात, एकाला दिली तर सगळे मागतील. मागू देत की! बोर्डच्या खोलीत जागा आहे, मी बघून आलो. अर्ज लिहून दिला, वायरिंगचा नकाशा जोडला. सभा कोजागिरीनंतर.

२७ सप्टेंबर, शनिवार

दाजी एका पानात लिहून द्या म्हणाले, म्हणून लिहिलं.

नेक्सॉन: बॅटरी मोठी, वाटेत हाताशी जास्त. पोर्चमध्ये बसते. भारत एनकॅप या धडक-चाचणीचे पाच तारे, जून २०२४ ला मिळालेले. विंडसरच्या नावापुढचा तो रकाना मोकळा ठेवलाय, आणि महिन्यातून चार वेळा हायवेला जाणाऱ्यानं तो बघावा. वरच्या मॉडेलला गाडीतून बाहेर वीज काढता येते. साइटवर लाइट गेली की माझं ड्रिल मशीन त्यावर चालेल. मी घेतली असती तर हीच.

विंडसर: जागा. जागा म्हणजे खरंच जागा. मुक्कामाला सॉकेट असेल तर बॅटरी पुरते. नसेल तर दर खेपेला वाटेत थांबायची तयारी हवी. पायरीचा खर्च गवंड्यानं नऊ हजार सांगितलाय.

कुठली चांगली, हे खाली लिहिलं नाही. दाजींनी पान उलटून मागं बघितलं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

दुकानात मल्टीमीटर, अर्थ टेस्टर, पक्कड, शिडी यांची पूजा. दाजी आले आणि खिशातून टेप काढून रांगेत ठेवला.

निकाल आक्कांनीच लावला. काल सकाळी गवंडी आला तेव्हा त्यांनी स्वतः काठीनं दाखवलं, कुठून फोडायचं. अट एक: पायरीऐवजी बाजूनं उतार हवा, पाइपाचं रेलिंग हवं आणि उताराच्या वरच्या टोकाला बसण्याएवढा कट्टा. कट्टा १४ इंच उंच, कारण त्याहून खाली बसलं तर उठता येत नाही. मी तीन पायऱ्यांवर त्यांना बसवून उठवून मोजलं.

उद्या विंडसरचं बुकिंग. गाडी दिवाळीच्या आसपास.

पायरी फोडल्यावर १५ फूट १ इंच. सॉकेट साडेतीन फुटांवर, कट्ट्याच्या उलट्या बाजूला. रेलिंगच्या पाइपालाही अर्थ जोडायचा आहे. सिमेंट ओलं आहे, मांजर चालून गेलंय, गवंडी परत येणार.